दुरुस्ती सांगणाऱ्याला कारण विचारा

प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी घणसोलीला राहते. माझे शालेय शिक्षण मुरबाड तालुक्यात मराठी माध्यमातून झाले आणि बी.कॉम. मी ठाण्याला राहून केले. महापे एम.आय.डी.सी.तील एका कंपनीच्या हिशेब विभागात मी नऊ वर्षांपासून काम करते आणि माझे काम चोख असते, असे वरिष्ठ म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे इंग्लंडमधील एका ग्राहकाचे खाते आले. तेव्हापासून रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात आणि दर आठवड्याला कॉलवर बोलावेही लागते. शेजारी बसणारे एक सहकारी इंग्रजी माध्यमात शिकलेले आहेत. ते माझ्या प्रत्येक मेलमध्ये चुका काढतात, आणि तेही सगळ्यांसमोर. 'बिटवीन यू अँड मी' खोडून त्यांनी 'बिटवीन यू अँड आय' केले. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स नाइन इयर्स', 'वुई डिस्कस्ड अबाउट द इन्व्हॉइस' आणि 'आय ॲम हॅविंग वन डाउट' ही माझी वाक्ये चूक ठरवली. 'विच अकाउंट इज धिस फॉर' असे लिहिले, तर वाक्याच्या शेवटी 'फॉर' कधी येत नाही म्हणाले. 'काइंडली डू द नीडफुल' आणि 'प्रीपोन' हे तर इंग्रजीच नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. आता कॉलवर मी तोंडच उघडत नाही. पंधरा हजार रुपये भरून वाशीला क्लास लावावा का? आणि आठवीतल्या मुलीचा एक प्रश्न: 'इट इज आय' बरोबर की 'इट इज मी'?

एक वाचक, घणसोली

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातील सहा दुरुस्त्या मी एकेक करून तपासल्या. त्यांपैकी तीन योग्य आहेत, दोन साफ चुकीच्या आहेत आणि एक अर्धवट खरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही सहाही दुरुस्त्या मान खाली घालून स्वीकारलेल्या दिसतात. एखादी व्यक्ती इंग्रजी अस्खलित बोलते म्हणून तिने सांगितलेला प्रत्येक नियम खरा असतो असे नाही. बोलण्याची सवय आणि व्याकरणाचे ज्ञान या वेगळ्या गोष्टी आहेत. यापुढे कोणी तुमचे वाक्य खोडले, तर नम्रपणे एवढेच विचारा की याचे कारण काय. ज्या दुरुस्तीला कारण आहे ती आनंदाने घ्या, आणि जिला 'असेच असते' यापलीकडे उत्तर नाही ती पडताळून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

तुमच्या 'बिटवीन यू अँड मी'पासून सुरुवात करतो, कारण ते तुम्ही बरोबर लिहिले होते आणि ते खोडले गेले. याचे कारण मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला चटकन कळावे असे आहे. आपण मराठीत 'तू आणि मी यांमध्ये' अशी फोड करत नाही, सरळ 'तुझ्यामाझ्यात' म्हणतो, 'तूमीत' असे कधीही म्हणत नाही. शब्दयोगी अव्यय किंवा 'त'सारखा विभक्तीचा प्रत्यय लागला की 'मी'चे 'माझ्या' होते, हे सामान्यरूप आपण शाळेत शिकलो. इंग्रजीतील नामांची अशी रूपे शेकडो वर्षांपूर्वीच झिजून गेली, पण सर्वनामांत ती टिकली आहेत. 'बिटवीन', 'टू', 'फॉर', 'विथ' यांच्यानंतर 'आय'चे 'मी', 'ही'चे 'हिम' आणि 'दे'चे 'देम' होते. शंका आली तर दुसऱ्या माणसाला वाक्यातून बाजूला काढून पाहा. 'द मॅनेजर गेव्ह द फाइल टु आय' असे तुमचे सहकारीदेखील म्हणणार नाहीत, मग 'टु हर अँड आय' तरी कसे चालेल?

ही चूक सुशिक्षितांच्याच तोंडी अधिक का आढळते, तेही समजून घेण्यासारखे आहे. लहानपणी मुले 'मी अँड माय फ्रेंड वेंट' म्हणतात आणि शिक्षक प्रत्येक वेळी 'माय फ्रेंड अँड आय' असे म्हणायला लावतात. तेथे ते योग्यच असते, कारण तो वाक्याचा कर्ता असतो. पण मुलाच्या मनात मात्र 'अँड आय' म्हणजे सभ्य आणि 'अँड मी' म्हणजे गावंढळ एवढेच उरते, आणि पुढे जिथे कर्ता नाही तिथेही 'आय' येऊन बसतो. तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूने एक साक्ष मात्र नोंदवली पाहिजे. 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकातील ॲन्टोनिओच्या पत्रात खुद्द शेक्सपिअरने 'बिटवीन यू अँड आय' लिहिले आहे. चारशे वर्षांपूर्वी हे रूप चालत होते. आजच्या प्रमाण लेखी इंग्रजीत ते चालत नाही, आणि तुमच्या ग्राहकाला पाठवायच्या मेलमध्ये तुमचेच मूळ वाक्य राहू द्या.

'सिन्स नाइन इयर्स' मात्र खरोखर चूक आहे, आणि ती अतिशय महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडील मेलमध्ये ती जागोजागी दिसते. तुमच्या पत्रातच 'मी नऊ वर्षांपासून काम करते' असे निर्दोष मराठी वाक्य आहे. आपला 'पासून' दोन कामे करतो. 'नऊ वर्षांपासून' म्हणताना तो कालावधी सांगतो आणि '2016पासून' म्हणताना आरंभाचा क्षण सांगतो. इंग्रजीने ही कामे दोन शब्दांना वाटून दिली आहेत: कालावधीला 'फॉर', आरंभाला 'सिन्स'. ओळखण्याची एक खूण मराठीतच आहे. जिथे 'पासून' काढून 'गेली' किंवा 'गेले' हा शब्द बसतो, तिथे 'फॉर' वापरा. 'गेली नऊ वर्षे', 'गेले दोन तास', 'गेले तीन महिने' हे सर्व 'फॉर'चे. 'गेले सोमवार' किंवा 'गेली 2016' असे म्हणताच येत नाही, म्हणून तिथे 'सिन्स'.

पण शब्द बदलून काम संपत नाही, क्रियापदही बदलावे लागते. भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामाला मराठीत वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत तो पुरत नाही. तुमचे वाक्य 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर नाइन इयर्स' असे हवे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली सुरू झाले आणि आजही चालू आहे, म्हणून 'द लायब्ररी हॅज बीन इन ठाणे सिन्स 1893' असे लिहायचे. याच्या उलट, जी गोष्ट ठरावीक वेळी घडून गेली तिला हा 'हॅव' लावायचा नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली रेल्वेगाडी ठाण्याला आली, याचे इंग्रजी 'द फर्स्ट ट्रेन केम टु ठाणे इन 1853' असेच होईल, 'हॅज कम' होणार नाही. मराठीत आपण 'मी काल मेल पाठवला आहे' असे सहज म्हणतो, आणि त्यामुळे 'आय हॅव सेंट द मेल यस्टरडे' हे वाक्य आपल्या बोटांतून आपोआप उतरते. कधी पाठवला हे सांगायचे असेल तर 'आय सेंट द मेल यस्टरडे'. पाठवून झाला आहे एवढेच सांगायचे असेल तर 'आय हॅव सेंट द मेल', आणि पुढे वेळ लिहायची नाही. हिशेब विभागात रोज कोणते बिल कधी पाठवले, पैसे कधी जमा झाले, हेच लिहायचे असते, म्हणून हा एक भेद पक्का झाला तर तुमच्या बऱ्याच मेलचा चेहरा बदलेल.

'डिस्कस्ड अबाउट' ही दुरुस्तीही योग्य आहे. आपण 'बिलाबद्दल चर्चा केली' म्हणतो आणि तो 'बद्दल' इंग्रजीत नेऊन ठेवतो. 'डिस्कस' हे सकर्मक क्रियापद आहे, त्याला थेट कर्म लागते: 'वुई डिस्कस्ड द इन्व्हॉइस'. 'रिक्वेस्टेड फॉर', 'ऑर्डर्ड फॉर', 'एम्फसाइज्ड ऑन' यांतील जादा शब्दही असेच गाळायचे आहेत. गंमत अशी की, याच शब्दांची नामे झाली की ती अव्यये परत येतात, त्यामुळे 'अ डिस्कशन अबाउट द इन्व्हॉइस' आणि 'अ रिक्वेस्ट फॉर पेमेंट' ही रूपे अगदी बरोबर आहेत.

'आय ॲम हॅविंग वन डाउट' या वाक्यात सहकाऱ्यांनी 'हॅविंग' पकडले, पण खरी अडचण 'डाउट'मध्ये आहे. मालकी, ज्ञान, इच्छा, समज अशी स्थिती दाखवणारी क्रियापदे सहसा चालू काळात येत नाहीत. म्हणून 'आय हॅव टू डॉटर्स', 'आय नो', 'आय डोन्ट अंडरस्टँड' असे लिहायचे. 'आय ॲम हॅविंग लंच' चालते, कारण तिथे 'हॅव' म्हणजे जेवणे ही कृती आहे. 'डाउट'चे तसे नाही. आपल्याकडे वर्गात हात वर करून विचारायची शंका म्हणजे 'डाउट'. इंग्लंडमधील वाचकाला त्यातून संशय किंवा अविश्वास ऐकू येतो. बिलाबाबत तुमच्या मनात 'डाउट' आहे असे त्याने वाचले, तर आपल्या आकड्यांवर या बाईंचा विश्वास नाही असा त्याचा समज होऊ शकतो. 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द इन्व्हॉइस' असे लिहा.

तुम्ही न विचारलेल्या काही गोष्टी याच जातीच्या आहेत, म्हणून येथेच सांगतो. 'वन ऑफ द क्लायंट' नव्हे, 'वन ऑफ द क्लायंट्स'. 'ग्राहकांपैकी एक' म्हणताना आपणही अनेकवचनच घेतो, 'ग्राहकापैकी' म्हणत नाही. 'टुडे मॉर्निंग' ऐवजी 'धिस मॉर्निंग' आणि 'यस्टरडे नाइट' ऐवजी 'लास्ट नाइट' लिहा. ओळख करून देताना 'मायसेल्फ' नको, 'आय ॲम' पुरेसे आहे. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याची रचना सरळ होते: 'व्हेअर इज द फाइल?' हा प्रश्न, पण 'कॅन यू टेल मी व्हेअर द फाइल इज?' मराठीत 'फाइल कुठे आहे' हे शब्द दोन्हीकडे तसेच राहतात, त्यामुळे आपल्याला येथे काही बदलायचे असते याची चाहूलच लागत नाही.

'अ', 'ॲन' आणि 'द' यांचा विषय मोठा आहे. मराठीत असे शब्द नाहीत, आणि आपण दिवसभर जे इंग्रजी ऐकतो त्यातून ते गाळलेले असतात. ठाण्याच्या लोकलमध्ये 'नेक्स्ट स्टेशन, रबाळे' ऐकू येते, सोसायटीच्या फलकावर 'लिफ्ट अंडर रिपेअर' लिहिलेले असते. घोषणेत आणि फलकावर ते शोभते, मेलच्या वाक्यात नाही. 'अ' की 'ॲन' एवढ्या एका प्रश्नाला मात्र देवनागरी वाचणाऱ्याजवळ फार चांगली कसोटी आहे. पुढचा शब्द जसा उच्चारतो तसा देवनागरीत लिहून पाहा. तो स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने झाला तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी' 'य'पासून सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी' आणि 'अ यू.पी.आय. पेमेंट'. 'अवर' 'अ'पासून, 'एम.आय.डी.सी.' आणि 'एस.एम.एस.' 'ए'पासून, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन एम.आय.डी.सी. ऑफिस', 'ॲन एस.एम.एस.'. रोमन लिपीतील पहिले अक्षर पाहून ठरवणारे येथे फसतात, आपली लिपी फसू देत नाही.

आता वाक्याच्या शेवटच्या 'फॉर'कडे वळू. 'विच अकाउंट इज धिस फॉर' हे तुमचे वाक्य शुद्ध आहे, आणि ते चूक ठरवणारा नियम हा इंग्रजीचा नियमच नाही. 1672 साली कवी जॉन ड्रायडन याने आपल्या आधीच्या पिढीतील बेन जॉन्सनच्या लेखनातील अशा वाक्यान्तांना नावे ठेवली. त्या काळी लॅटिन ही आदर्श भाषा मानली जात होती आणि लॅटिनमध्ये असे अव्यय नामाच्या आधीच येते. 1762 साली रॉबर्ट लाउथने इंग्रजी व्याकरणाचे एक छोटे पुस्तक लिहिले, जे पुढे कित्येक वर्षे शाळांत चालले. त्यात त्याने ही रचना इंग्रजी भाषेच्या स्वभावातलीच असल्याचे मान्य केले, बोलण्यात आणि घरगुती लेखनात ती शोभते असे म्हटले आणि गंभीर लेखनात दुसरी रचना अधिक डौलदार दिसते एवढेच सुचवले. त्यानंतरच्या शिक्षकांनी त्या सूचनेचा कायदा केला. 1926 साली हेन्री फाउलरने इंग्रजी वापराच्या आपल्या कोशात ही एक अंधश्रद्धा असल्याचे स्पष्ट लिहिले. तरीही ती आपल्या वर्गांतून आणि कार्यालयांतून फिरतच आहे. वाक्याची सुरुवात 'अँड' किंवा 'बट'ने करू नये, 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, याही गोष्टींची मुळे इंग्रजीच्या रचनेत नसून काही शिक्षकांच्या आवडीनिवडीत आहेत. यांपैकी कशासाठीही तुम्ही वाक्य बदलण्याची गरज नाही. मला याबद्दल मनापासून वाईट वाटते, कारण खरे नियम शिकवायला वेळ नसतो आणि नसलेल्या नियमांच्या धाकाने माणसे गप्प होतात.

'डू द नीडफुल' आणि 'प्रीपोन' यांना इंग्रजी न मानणे हे अर्धसत्य आहे. 'डू द नीडफुल' ब्रिटिशांच्याच जुन्या कारभारी पत्रव्यवहारातून आपल्या कचेऱ्यांत आले. त्यांनी ते सोडले, आपण ठेवले. 'प्रीपोन'ची नोंद ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून केली आहे. नवी मुंबईतील दोन कार्यालयांत हे शब्द जरूर वापरा, तिथे ते सर्वांना नेमके समजतात. परदेशी ग्राहकासाठी मात्र वाचणाऱ्याच्या सोयीचा विचार करा. बैठक आधी घ्यायची असेल तर 'कॅन वुई मूव्ह द मीटिंग टु ट्यूजडे' असे लिहा. 'रिव्हर्ट' या शब्दाची हिशेबाच्या मेलमध्ये विशेष काळजी घ्या. आपण तो उत्तर देणे या अर्थाने वापरतो, पण इंग्लंडमध्ये त्याचा रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे, आणि नोंदींविषयीच्या मेलमध्ये त्यातून घोटाळा होऊ शकतो. 'प्लीज रिप्लाय' पुरेसे आहे. 'नीडफुल'बाबत माझा आक्षेप व्याकरणाचा नाही. काय करायचे ते त्यातून कळतच नाही. 'प्लीज अप्रूव्ह द इन्व्हॉइस बाय फ्रायडे' असे लिहिले की काम कोणाचे, कोणते आणि कधीपर्यंत, हे तिन्ही स्पष्ट होते.

क्लासबद्दल माझे मत असे की, आत्ता पैसे भरू नका. तुमच्या अडचणी मोजक्या आहेत आणि त्यांतील बहुतेक मराठीच्या वळणामुळे आलेल्या आहेत. सर्वांना एकच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या वर्गात त्या नेमक्या हाती लागतीलच असे नाही. तुमचे जुने पाठवलेले मेल उघडा, त्यांतील 'सिन्स', 'हॅविंग', 'अबाउट' आणि 'यस्टरडे' हे शब्द शोधा आणि ती वाक्ये एका वहीत दुरुस्त करून लिहा. तुमची स्वतःची वाक्ये हेच तुमचे सर्वांत उपयुक्त पाठ्यपुस्तक ठरेल. अडेल तिथे केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड यांचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश पाहा. ते मोबाइलवर फुकट उघडतात, आणि क्रियापद सकर्मक आहे की नाही याची खूण व उदाहरणाची वाक्ये त्यांत दिलेली असतात. अर्थ माहीत असलेल्या शब्दांसाठीही ही वाक्ये वाचा. दोनतीन महिन्यांनी बोलण्याचा सराव हवा असे वाटले, तर क्लासचा विचार तेव्हा करता येईल.

सहकाऱ्यांशी एकदा बाजूला बसून बोला. 'तुमच्या सूचनांचा मला उपयोग होतो, पण त्या मेल जाण्यापूर्वी मला एकटीला सांगा आणि नियम कोणता तेही सांगा', असे स्पष्ट सांगण्यात काही गैर नाही. 'बिटवीन यू अँड मी'चा दाखला चारचौघांत देऊ नका, त्याच वेळी शांतपणे द्या. ते समजदार असतील तर तुम्हा दोघांचाही फायदा होईल. ते ऐकत नसतील, तर वरिष्ठांना सांगून ही सार्वजनिक तपासणी थांबवून घेणे हा तुमचा हक्क आहे.

कॉलवर गप्प राहू नका. बोलताना कोणी 'सिन्स' आणि 'फॉर' मोजत बसत नाही. ग्राहकाला आकडा हवा असतो आणि तो आकडा तुमच्याजवळ आहे. बैठकीच्या आधी सांगायच्या तीनच गोष्टी छोट्या वाक्यांत लिहून ठेवा, पहिली गोष्ट सुरुवातीलाच बोलून टाका, आणि समजले नाही तर 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन' असे निःसंकोच विचारा.

मुलीचा प्रश्न राहिला. परंपरागत व्याकरणाप्रमाणे 'इज'च्या पुढे कर्त्याचेच रूप येते, म्हणून जुन्या धाटणीच्या पुस्तकांत 'इट इज आय' बरोबर मानलेले असते. प्रत्यक्षात दार वाजवल्यावर आतून 'कोण?' विचारले, तर आज इंग्रजी मातृभाषा असलेले बहुतेक सर्व जण 'इट्स मी' असेच उत्तर देतात, आणि आधुनिक व्याकरणकार ते शुद्ध मानतात. तिच्या पाठ्यपुस्तकात 'इट इज आय' असा नियम दिला असेल, तर परीक्षेत तिने तसेच लिहावे, आणि एरवी मैत्रिणीला फोन केल्यावर बिनदिक्कत 'इट्स मी' म्हणावे.